किलोमीटरचं रडगाणं पुरे

अकरा हजार किलोमीटर, अकरा हजार किलोमीटर! आल्यापासून हा एकच जप चालला आहे तुझा. गाडी जेमतेम अकरा हजार चालली आणि पुढचे पॅड संपले, म्हणजे कंपनीने फसवलं, पॅड हलक्या प्रतीचे घातले, हल्लीच्या गाड्यांत दमच नाही. झालं बोलून? आता ती पिशवी इकडे दे आणि मुकाट्याने ऐकून घे. मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड तू माझ्या हाताखाली केलास. पुढे पुण्यात ऑफिसात बसायला लागलास, चांगला पगार मिळवलास, त्याचा मला आनंदच आहे. पण हाताला ऑइल लागेनासं झालं म्हणून शिकलेलं विसरायची मुभा तुला कोणी दिली?

हे दोन पॅड बघ. पुढच्या डाव्या चाकाचे, दोन्ही एकाच कॅलिपरमधले. नव्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर लायनिंग असतं. बाहेरच्या पॅडवर त्यातलं सहा मिलिमीटर अजून शिल्लक आहे. आतला पॅड पालथा कर. लायनिंगचा मागमूस नाही. लोखंडी पाठ थेट डिस्कवर घासली आहे आणि तिच्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा उमटल्या आहेत. बोट फिरव, लागतात की नाही हाताला? आता कडेला रिव्हेट मारलेली ही पोलादी पट्टी बघ. सगळी पट्टी गंजून काळपट झाली आहे, फक्त टोक चकचकीत आहे. ही पट्टी तिथे मुद्दाम बसवलेली असते. लायनिंग दोन-तीन मिलिमीटर उरलं की तिचं टोक डिस्कला टेकावं आणि तिने ओरडून सांगावं, एवढ्यासाठीच तिचा जन्म. शिमग्यापासून तुझ्या कानाशी जे किंचाळत होतं ते हे टोक. तिने आपलं काम चोख केलं. तू मात्र शिमग्यापासून गणपतीपर्यंत दुखणं अंगावर काढलंस.

एकाच चाकाचा एक पॅड अर्ध्याहून जास्त शिल्लक आणि दुसरा साफ संपलेला, हे बघून तुझ्या डोक्यात पहिली गोष्ट काय यायला हवी होती? पॅडचा दर्जा? दोन्ही पॅड एकाच पेटीतून आलेले असतात. दर्जाच वाईट असता तर दोन्ही सारखे गेले असते. पिन जाम आहेत, हे पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळतं. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो आणि कॅलिपरचं धूड दोन पिनांवर सरकून बाहेरच्या पॅडला ओढून आणतं. पिन सरकली नाही की सगळा भार आतल्या पॅडवर. पाय काढल्यावरही तो पॅड डिस्कला चिकटून घासत राहतो. पिस्टन मागे घ्यायला तिथे स्प्रिंग नसते हे आठवतं का? चौकोनी छेदाची एक रबरी रिंग असते. ब्रेक दाबला की ती किंचित पिळते, सोडला की पूर्ववत होते आणि तेवढ्याच हिशेबाने पिस्टनला मागे ओढते. मिलिमीटरच्या अंशाचा खेळ आहे तो. तिथे गंज आणि चिखल शिरला की खेळ संपला.

मघाशी मी गॅरेजात जाऊन बघून आलो. तुझ्या गाडीच्या खालच्या पिनेचा रबरी बूट फाटला आहे. पिन हाताने निघेना, पान्याने फिरवून काढावी लागली, आणि निघाली तेव्हा तिच्यावर ग्रीस नव्हतं, तांबडी पूड होती. वरच्या पिनेला कोणीतरी साधं चासी ग्रीस चोपडलं आहे. त्याने रबर फुगतं, म्हणून तिथे ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावायचं, हे मी तुम्हाला वहीत लिहून दिलं होतं. कोणी चोपडलं ते मी विचारत नाही. तुझ्या गाडीत ते इतके दिवस कसं राहिलं, एवढंच विचारतो.

आता किलोमीटरचं. पॅड किलोमीटरवर झिजत नाही, दाबण्यावर झिजतो. हायवेला शिस्तीत चालणाऱ्याचा पॅड पन्नास हजारांच्या पुढेही जाऊ शकतो, कारण तासभर गाडी पळाली तरी तो ब्रेकला चार वेळा पाय लावतो. तुझं काय? वाकडहून हिंजवडीला जाताना हातभर पुढे सरकायचं आणि थांबायचं. त्यात गाडी ऑटोमॅटिक. डीमध्ये ठेवली की ती आपण होऊन पुढे सरकते, म्हणून तुझा पाय सदा ब्रेकवर. मीटरवर एक किलोमीटर चढेपर्यंत चाळीस वेळा पेडल दाबलं जात असेल तर त्या किलोमीटरला किलोमीटर म्हणून काय उपयोग? कमी चालली म्हणजे कमी झिजली, हा हिशोब टायरलासुद्धा धड लागू पडत नाही, ब्रेकला कुठून लागणार?

आणि घाट. इथे माझा संताप आवरत नाही. वहीत आकडेमोड करून घेतली होती मी तुमच्याकडून, आज पुन्हा कर. माणसं-सामानासकट गाडी बाराशे किलो धर. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २० मीटर. अर्धा गुणिले वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दोन लाख चाळीस हजार ज्यूल. एकदा गाडी पूर्ण थांबवायची तर एवढी ऊर्जा ब्रेकने उष्णता करून बाहेर टाकायची. आता कुंभार्ली घाट. माथ्यावरून खाली पोफळीला येईपर्यंत पाचएकशे मीटर उंची सहज उतरतो आपण. बाराशे गुणिले ९.८ गुणिले पाचशे. अठ्ठावन्न लाख ऐंशी हजार ज्यूल. म्हणजे ७२ च्या वेगावरून गाडी चोवीस वेळा थांबवण्याइतकी ऊर्जा एका घाटात. थोडी वाऱ्यावर जाते, थोडी टायरवर. उरलेली कोणी घ्यायची? इंजिनाने. त्यासाठी गिअर असतात.

‘ऑटोमॅटिकला कुठे गिअर असतात, सर?’ हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकून मला शरम वाटली. दांड्याशेजारी एम लिहिलंय, त्याच्याजवळ अधिक-उणे काढलंय, ते काय शोभेला? डीमध्ये घाट उतरलास की गाडी वरचा गिअर घेते, इंजिन मोकळं पळतं आणि सगळा डोंगर त्या चार चाकांतल्या ब्रेकच्या डोक्यावर येतो. एममध्ये घालून दुसरा नाहीतर तिसरा गिअर धरला असतास तर निम्मंअधिक काम इंजिनाने केलं असतं, तेही पेट्रोल न पिता. गिअरमध्ये असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की आताच्या इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोल तोडतात. उतारावर न्यूट्रल मारून पेट्रोल वाचवणारे शहाणे आहेत ना, त्यांचं इंजिन चालू राहण्यापुरतं का होईना, पेट्रोल पीतच असतं. त्याहून थोर ते, जे इंजिनच बंद करतात. बूस्टरमधली निर्वात पोकळी दोन-तीन वेळा पेडल दाबेपर्यंत पुरते, मग पाय दगडावर ठेवल्यासारखा होतो. तू तेवढं केलं नाहीस, ही मेहरबानी समजायची का मी?

शुक्रवारी रात्री तू उतरलास. पाऊस, धुकं, पुढे-मागे गणपतीला येणाऱ्या गाड्यांची रांग. पुढच्या सीटवर तुझे वडील, मागे बायको आणि दोन पोरं, पोरांच्या मांडीवर मखराचं सामान. आणि पुढच्या डाव्या चाकात लोखंडावर लोखंड. शिरगावजवळ जळका वास आला, असं तूच सांगितलंस. तो वास कसला होता ते तुला ठाऊक होतं. पॅड फार तापला की त्यातली राळ जळायला लागते, त्याची पकड ढिली पडते. पेडल घट्ट लागतं, तू जीव खाऊन दाबतोस आणि गाडी थांबत नाही. हा एक प्रकार. दुसरा त्याहून वाईट. गाडी घेतल्यापासून ब्रेक ऑइल बदललेलं नाही. ते हवेतलं पाणी पितं. डॉट-४ चं ऑइल कोरं असताना २३० अंशांच्या खाली उकळायला नको, असं मानक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की ही हद्द १५५ वर येते. कॅलिपर तापला, ऑइल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले, की पेडल दाबताना फक्त बुडबुडे दबतात. पाय थेट तळाला जातो. घाटातल्या वळणावर पाय तळाला गेला तर पुढे काय, ते मी बोलून दाखवणार नाही. तुझ्या वडिलांना मी पंचवीस वर्षं ओळखतो.

म्हणून दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलायचं असतं. गाडी दोन वर्षं दारात उभी असली तरी. पाणी काही मीटर बघून मुरत नाही. सर्व्हिसच्या पुस्तकात ‘दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते’ असं छापलेलं असतं. तू त्यातलं पहिलं अर्धं वाचलंस आणि पुस्तक मिटलंस. तीन वर्षांत एकदा सर्व्हिसिंग! दहा हजार झाले तेव्हा गेलास, त्यातही घाई आहे म्हणून ऑइल-फिल्टर करून परतलास. चाकं उतरवायला नको म्हणालास, हेही तुझ्याच तोंडून कळलं.

कमी चालणाऱ्या गाडीला जास्त बघावं लागतं, हे लोकांना पटवता पटवता माझे केस पांढरे झाले. डिस्क बिडाची असते. रात्री पाऊस पडला की सकाळी तिच्यावर तांबूस थर धरतो, दोन-चार ब्रेक मारले की तो खरवडून जातो. तेवढ्यापुरता खरखर आवाज येतो, त्याला घाबरायचं कारण नाही. पण तुझी गाडी जून ते ऑगस्ट सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये आठवडेच्या आठवडे उभी. पॅड ज्या जागी डिस्कला टेकून राहतो तिथे गंज खोल उतरतो, खड्डे पडतात. कॅलिपरच्या ज्या खाचेत पॅड बसतो ती गंजून फुगते आणि पॅड अडकतो. मागच्या ड्रममध्ये लायनर ड्रमला चिकटतात, त्यात तू हँडब्रेक ओढून ठेवणार. पार्कमध्ये टाकून चाकाला दगड लावला असता तर काय बिघडलं असतं? आठवड्यातून एकदा पंधरा-वीस मिनिटं गाडी फिरवून, मोकळ्या रस्त्यावर चारदोन खणखणीत ब्रेक मारून, गरम करून उभी करायची. वॉशिंग करून आणलीस की ओली तशीच झाकण घालून ठेवायची नाही, आधी जरा पळवून ब्रेक वाळवायचे. समुद्राकाठी तर हे दुप्पट सांभाळायला लागतं. मालवण-वेंगुर्ल्याच्या गाड्यांच्या डिस्क बघितल्यास तर खारी हवा काय करते ते कळेल. आणि २०२१ च्या जुलैत चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हाचं तू विसरला असशील, मी नाही. गाड्या बुडाल्या, माणसं इंजिनाच्या मागे लागली, आणि इंजिन चालू झालं की गाडी रस्त्यावर. ड्रम उघडला तर आत गाळ भरलेला. चालू होणारं इंजिन सगळ्यांना लागतं, थांबणाऱ्या चाकाची आठवण कोणालाच नसते.

प्रत्येक किंचाळी म्हणजे पॅड संपला असं नाही, हे मला मान्य आहे. पॅडच्या पाठीची शिम पडली, टेकायच्या जागा कोरड्या पडल्या, तापून पॅडवर काचेसारखी चकाकी आली, तरी ब्रेक वाजतो. पॅड डिस्कवर अडकत-सुटत थरथरतो, त्या थरथरीचा तो आवाज. डिस्क ब्रेक वाजणं नवं नाही. इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा त्याने डिस्कवर तांब्याचं लायनिंग दाबलं होतं. धातूवर धातू घासून असा कर्कश आवाज यायचा की ऐकवत नसे. धातूवर धातू घासू नये यासाठी माणसांनी पुढे वेगळी लायनिंग शोधली, सुधारली. तू ती संपू दिलीस. वाजण्याची कारणं दहा असतील, पण दहातलं कोणतं, ते चाक उतरवून डोळ्यांनी बघितल्याशिवाय कळत नाही. गाणी मोठ्याने लावून तर नाहीच नाही.

आणि त्या स्प्रेचं काय? ते तू हळूच, मान खाली घालून सांगितलंस, म्हणजे चूक आहे हे तुला तेव्हाच कळलं होतं. नाक्यावरच्या कोणीतरी चाकाच्या फटीतून गंज सोडवायचा स्प्रे डिस्कवर मारला आणि आवाज बंद झाला म्हणून तू त्याला पैसे दिलेस. अरे, ब्रेकवर तेल! ज्या जागी घर्षण हवं म्हणून सगळी यंत्रणा उभी केली, त्या जागी तू वंगण मारू दिलंस. लायनिंग ते पिऊन बसतं, कितीही पुसलं तरी निघत नाही. एका चाकाला जास्त लागलं तर ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते. ट्रेडच्या परीक्षेत कोणी असं उत्तर लिहिलं असतं तर मी त्याला त्याच क्षणी वर्गाबाहेर काढलं असतं. तू तर तशीच गाडी घेऊन पोरांना शाळेत सोडायला गेलास.

आता जे बोलणार आहे ते मला सगळ्यात जास्त लागलं आहे. मे महिन्यात वॉशिंगला गेलास तेव्हा तिथल्या हेल्पर पोराने चाकाच्या फटीतून टॉर्च मारून तुला दाखवलं होतं की साहेब, आतला पॅड गेलाय. एकोणीस वर्षांचं पोर, आयटीआयचं अॅप्रेंटिस. आणि तू काय म्हणालास? ‘किलोमीटर किती झालेत ते बघ आधी, मला शिकवू नकोस.’ चारचौघांत. त्याला कमिशन हवं असेल असं वाटलं म्हणतोस. त्याला काय मिळणार होतं रे? तो वाकून बघत होता, कारण कोणीतरी त्याला शिकवलं होतं की गाडी समोर आली की आधी ब्रेक बघायचा. तूही एके काळी असाच गुडघ्यावर बसून टॉर्च मारायचास. तुझ्यावर एका गिऱ्हाइकाने आवाज चढवला होता तेव्हा मी मध्ये पडलो होतो. त्या पोराच्या बाजूने तिथे कोणी नव्हतं. पुण्याला गेल्यावर त्याला शोध आणि तो बरोबर होता हे त्याच्या मालकासमोर सांग. हे मी विनंती म्हणून सांगत नाही.

कंपनीशी भांडायचं मनातून काढून टाक. पॅड ही झिजायचीच वस्तू, ती वॉरंटीत बसत नाही, आणि तुझ्या बाबतीत बसायला नकोच. त्यापेक्षा काय करायचं ते लिहून घे. पॅड एका चाकाचे बदलायचे नाहीत, पुढच्या दोन्ही चाकांचे एकदम. डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते, मायक्रोमीटर लावून ती बघू. लेथवर टर्निंग करून त्या आकड्याच्या वर राहत असेल तर ठीक, नाहीतर दोन्ही डिस्क नव्या. पैशाचं तोंड बघायचं नाही. पिना आणि बूट नवे, ग्रीस मी देतो. पिस्टनवर गंज असेल तर सीलही बदलायची. ब्रेक ऑइल सगळं काढून डॉट-४ भरायचं, डबा माझ्यासमोर फोडायचा. मागचे ड्रम तू स्वतः उघडायचेस, हवा मारून धूळ उडवायची नाही, ब्रेक क्लीनरने धुवायची. चाकाचे नट फुलीच्या क्रमाने, टॉर्क रेंचनेच आवळायचे. कमी-जास्त आवळले की डिस्क डगमगते आणि पुढच्या वर्षी पेडल थरथरतं म्हणून पुन्हा माझ्याकडे येशील.

गौरी-विसर्जन होईपर्यंत गाडी हलणार नाही. सुट्टी वाढत नसेल तर घरच्यांना घेऊन एसटीने जा, गाडी नंतर ने. आणि नवे पॅड बसले की लगेच घाट चढायचा नाही. गुहागर रोडला आधी पॅड बसवून घेऊ. साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, पूर्ण थांबायचं नाही, मध्ये मिनिटभर गाडी मोकळी पळवून डिस्क गार होऊ द्यायची. मी शेजारच्या सीटवर असेन. सकाळी साडेसहाला निघू, रस्ता रिकामा असतो. आता जा आणि गॅरेज बंद व्हायच्या आत पिनेचा नंबर लिहून आण.